विहिरीतला आवाज : पाणी आणि बदललेली जाणीव



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. दृष्टांत म्हणा, झपाटणं म्हणा, अंगात येणं म्हणा, या सगळ्यांच्या कथांत विहीर, डोह, घाट, संगम हेच सारखं का येतं? पाण्यात असं आहे तरी काय? वेळ संपली होती म्हणून प्रश्न राहून गेला. आज तोच विषय घेऊ.

सुरुवात घरापासून करू. ज्यांना गाव आहे, त्यांनी विहिरीजवळ किंवा नदीच्या काठाला ओळीनं मांडलेले सात दगड पाहिले असतील. शेंदूर फासलेले, पुढे हळदकुंकू, एखादा नारळ, कधी खण. या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सरा, आणि अप्सरेच्या पोटात 'अप्' आहे, म्हणजे पाणी. मावळात यांनाच मावळाया म्हणतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मधल्या 'मिथ अँड रिॲलिटी'त त्यांची दखल घेतली आहे. पुढे ॲन फेल्डहाउस या अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, 'वॉटर अँड वुमनहुड', १९९५ साली. त्यातही या आसरा भेटतात.

आणि त्यांच्याबरोबर येतात नियम. टळटळीत दुपारी डोहावर जाऊ नये. तिन्हीसांजेला एकट्या बाईनं पाणवठ्यावर थांबू नये. गेली आणि घरी येऊन घुमायला लागली, गप्प बसली, जेवेनाशी झाली, मूल दगावलं, की म्हातारी माणसं म्हणायची, "आसरा लागल्या." चांगला पट्टीचा पोहणारा विहिरीत बुडाला, तरी तेच. आसरांनी ओढला.

आता यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, हे सगळं खरं आहे, पाण्यात शक्ती असते. दुसरं म्हणतं, सगळं थोतांड आहे, पुढचा विषय घ्या. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही उत्तरं उपयोगी पडत नाहीत. कारण पहिलं प्रश्न विचारूच देत नाही, आणि दुसरं माणसाला जे झालं ते ऐकूनच घेत नाही. बाई घुमत होती हे तर खरं ना? मग तिला काय झालं होतं?

म्हणून आज आपण तीन साधे प्रश्न हातात धरून चालू. पाण्यानं शरीराचं काय केलं? पाण्याजवळ जाण्याआधी त्या माणसाची तयारी कोणी आणि कशी केली होती? आणि तो बाहेर आल्यावर, त्याला जे झालं त्याला नाव कोणी दिलं?

क्लारोसची विहीर

पहिला मुक्काम जरा लांबचा आहे. हे प्रश्न ग्रीक-रोमन जगात स्पष्टपणे विचारले गेले, म्हणून तिकडे जाऊ. आजच्या तुर्कस्तानात, इझमीरच्या दक्षिणेला, समुद्राजवळ क्लारोस नावाचं ठिकाण आहे. तिथे अपोलो देवाचं मंदिर होतं आणि त्या मंदिरात कौल लागायचा. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसंच समजा. फक्त इथे कौल माणूस बोलून द्यायचा, आणि तो बोलायचा पाणी पिऊन.

इसवी सन १८ मध्ये जर्मॅनिकस नावाचा रोमन राजपुत्र तिथे गेला होता. रोमचा इतिहासकार टॅसिटस याने त्या भेटीचं वर्णन केलं आहे. तो सांगतो, की इथे डेल्फीसारखी बाई नसते, पुरुष असतो. ठरावीक घराण्यांतून, बहुधा मिलेटस शहरातून, त्याला निवडून आणतात. तो फक्त आलेल्या लोकांची संख्या आणि नावं ऐकतो, प्रश्न ऐकतच नाही. मग तो गुहेत उतरतो, एका गुप्त झऱ्याचं पाणी पितो, आणि लिहिता-वाचता येत नसताना, कवितेचा गंध नसताना, ज्याच्या त्याच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर छंदात देतो. जर्मॅनिकसला त्याने आडवळणानं अकाली मृत्यू सांगितला, असं लोक म्हणत. जर्मॅनिकस पुढच्याच वर्षी वारला. आता ही 'लोक म्हणत' वाली गोष्ट आहे हे टॅसिटसही सांगतो, तेव्हा आपणही ती तेवढीच घेऊ.

तुम्ही म्हणाल, ही पुस्तकातली कथा. पण १९५० च्या दशकात लुई रोबेर या फ्रेंच विद्वानाने तिथे उत्खनन केलं, आणि मंदिराच्या पोटात खरोखरच तळघर सापडलं. गडद निळ्या संगमरवराच्या अरुंद बोळांतून, वाकून, वळणं घेत आत जायचं. आत कमानीच्या छताच्या दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत पाणी. त्या भागात भूजल इतकं वर आहे, की अवशेषांत आजही पाणी साचतं.

आता आपला पहिला प्रश्न. पाण्यानं काय केलं? इथे आयम्ब्लिकस नावाचा तत्त्वज्ञ मदतीला येतो. इसवी सन ३०० च्या आसपासचा. पॉर्फिरी नावाच्या दुसऱ्या मोठ्या तत्त्वज्ञाने या कौलांविषयी अवघड शंका काढल्या होत्या आणि आयम्ब्लिकसने एका इजिप्शियन पुरोहिताचं सोंग घेऊन त्यांना उत्तर दिलं. त्यात तो क्लारोसविषयी सांगतो, की पाणी पिण्याआधी तो माणूस एक दिवस आणि एक रात्र उपास करतो. गर्दीपासून दूर, बाकीच्यांना मज्जाव असलेल्या जागी एकांतात राहतो. पाणी प्यायल्यावर तो स्वतःच्या ताब्यात राहत नाही, आपण काय बोलतोय आणि कुठे आहोत याचं त्याला भान नसतं, आणि नंतरही तो सावकाशच शुद्धीवर येतो.

आणि मग आयम्ब्लिकस जे म्हणतो ते फार महत्त्वाचं आहे. तो भक्त माणूस, कौलावर त्याची पूर्ण श्रद्धा. तरी तो म्हणतो, की देव त्या पाण्यात भरलेला असतो आणि घोटाबरोबर आत जातो, असं समजू नका. पाणी फक्त माणसाला मोकळं करतं, ग्रहण करण्याजोगं करतं. येणारं जे काही आहे ते वेगळीकडून येतं.

ते कुठून येतं याबद्दल त्याचं मत आपण मान्य करायची गरज नाही. पण वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण जपून ठेवू. पाणी मोकळं करतं. आमच्या मते सतराशे वर्षांत या विषयावर याहून नेमकं फारसं कोणी बोललेलं नाही.

आणखी एक साक्षीदार. थोरला प्लिनी, जो पुढे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेला. त्याने याच पाण्याविषयी एक ओळीची नोंद केली आहे : ते प्यायल्यानं अद्भुत कौल देता येतात, पण पिणाऱ्याचं आयुष्य कमी होतं. ही नोंदही लक्षात असू द्या. आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

स्मृतीची खुर्ची

दुसरा मुक्काम ग्रीसमधलं लेबादेया. इथे ट्रोफोनियस नावाच्या देवाचा कौल होता. याचं महत्त्व असं, की इथे मध्ये पुजारी नाही. ज्याला प्रश्न आहे त्यानेच खाली उतरायचं. आणि आपला साक्षीदार पौसानियस हा दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार स्वतः उतरून आलेला आहे.

तो सगळा क्रम सांगतो. आधी काही दिवस एका ठरावीक इमारतीत राहायचं. गरम पाण्यानं अंघोळ करायची नाही, हर्किना नदीच्या पाण्यातच करायची. रोज यज्ञ. मग ठरल्या रात्री तेरा वर्षांची दोन मुलं तुम्हाला नदीवर नेतात, तेल लावतात, अंघोळ घालतात. नंतर पुजारी दोन झऱ्यांपाशी नेतात. एकाचं पाणी प्यायचं म्हणजे आतापर्यंत मनात जे होतं ते सगळं विसरायला होतं. ते लीथी, विस्मृतीचं पाणी. दुसऱ्याचं प्यायचं म्हणजे खाली जे दिसेल ते आठवणीत राहतं. ते म्नेमोसिनी, स्मृतीचं पाणी. मग शिडीनं एका खड्ड्यात उतरायचं. तळाशी एक अरुंद भोक. त्यात पाय घालून आडवं व्हायचं, की बाकीचं शरीर आत ओढलं जातं. पौसानियसने इथे उपमाही पाण्याचीच दिली आहे : मोठ्या वेगवान नदीच्या भोवऱ्यात माणूस ओढला जावा तसं.

आत कोणाला दिसतं, कोणाला ऐकू येतं. बाहेर आल्यावर पुजारी त्याला 'स्मृतीच्या खुर्ची'वर बसवतात आणि काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारतात. मग त्याला नातेवाइकांच्या हाती देतात. तेव्हा तो भीतीनं गारठलेला असतो, स्वतःचं आणि भोवतालचं भान नसतं. पण पौसानियस म्हणतो, काही वेळाने त्याची बुद्धी ठिकाणावर येते, आणि हसूही परत येतं.

आता बघा, आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे किती व्यवस्थित मिळतात. शरीराचं काय झालं? कित्येक दिवस थंड पाणी, रात्र, अंधार, अंग हलवायला जागा नाही. तयारी कोणी केली? देवस्थानाने, दिवसेंदिवस, पायरीपायरीनं. नाव कोणी दिलं? खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्यांनी, आणि तेही अनुभव ताजा असताना, माणूस पुरता भानावर येण्याच्या आत.

डेल्फीबद्दल तुमच्या मनात आलं असेल. तिथे जमिनीतून वायू येत असे, हे प्राचीन लेखक सांगतात. २००१ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या झऱ्याच्या पाण्यात इथिलीन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. इथिलीन म्हणजे हुंगल्यावर गुंगी आणणारा वायू. त्यावर प्रतिवादही झाला, की तिथे तो परिणाम होण्याइतका असणं शक्य नाही. तो वाद भूशास्त्रज्ञांवर सोडू. आपला मुद्दा एवढाच, की वायू मान्य केला तरी त्याने गुंगीच सिद्ध होते. गुंगीतून राज्यांच्या लढायांबद्दलचे कौल कसे निघाले, हे वायू सांगत नाही.

इंद्रायणीचा काठ

आता एकदम देहूला येतो आहोत, तर उडी का घेतली ते आधी सांगतो. वर जो आराखडा दिसला, उपास, एकांत, पाण्याचा काठ, अनुभव आणि मग त्याचं नाव, तो आपल्या सगळ्यात परिचित कथेत जसाच्या तसा आहे, आणि तिथे तिसरा प्रश्न किती मोठा असतो ते कळतं.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर शिळेवर पडून राहिले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. महिपतींनी 'भक्तलीलामृता'त, म्हणजे १७७४ साली, ही कथा विस्तारानं सांगितली आहे. तेरा दिवसांचा उल्लेख तुकोबांच्या नावावर असलेल्या अभंगांतही आहे. चमत्कार झाला की नाही यावर महाराष्ट्रात भरपूर शाई खर्च झाली आहे, आपण आज त्यात पडायचं नाही.

आपण कथेचा आकार पाहू. क्लारोसला पाणी प्यायचं, इथे पाणी काठाशी असताना ते प्यायचं नाही. दिसायला उलट, पण शरीराच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट एकच आहे : रोजचं जगणं थांबवणं. आणि अनुभवाला नाव काय मिळालं? प्रत्यक्ष देवाने कवित्व तारलं. आता हे नाव कोणासाठी महत्त्वाचं होतं? शूद्राने असं लिहू नये, असं ज्यांनी बजावलं होतं, त्यांच्यासाठी. देवानेच वह्या परत दिल्या म्हटल्यावर बंदीचा आधारच गेला. काठावरच्या त्या तेरा दिवसांना लोकांनी 'भ्रम' म्हटलं असतं, तर मराठीचा इतिहास वेगळा झाला असता. अनुभवाला नाव देणं ही सत्तेची गोष्ट असते, ती अशी.

टाकीतला शास्त्रज्ञ

इथपर्यंत सगळं देवाधर्माचं झालं. मग कोणीतरी म्हणेल, देव बाजूला काढा, नुसतं पाणी ठेवा, आणि बघू काय होतं. हा प्रयोग झालेला आहे.

१९५० च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डॉनल्ड हेब यांच्या विभागात विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. धुरकट चष्मे, हातांवर आवरणं, एकसुरी आवाज. काही काळानं त्यांना गोष्टी दिसू लागल्या. एकाला तर पाठीवर पोती टाकून शिस्तीत चाललेल्या खारींची रांग दिसली. खारींचा कुठला धर्म, कुठली परंपरा? पण दिसल्या.

याच काळात, १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जॉन लिली या वैद्यक-संशोधकाने हाच प्रश्न पाण्यात नेला. त्या वेळी काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की बाहेरून काहीच संवेदना आली नाही तर मेंदू झोपी जाईल. लिलीने टाकी बांधली. काळोख, शांतता, पाणी त्वचेइतक्याच कोमट तपमानाचं, चौतीस अंशांच्या आसपास, आणि डोक्यावर श्वासाचा मुखवटा. त्या पाण्यात काही वेळानं आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. वजन जातं, दिशा जाते, वेळ जातो. लिली झोपला नाही. उलट तो लख्ख जागा राहिला आणि त्या जागेपणात प्रतिमा येऊ लागल्या.

इथे आयम्ब्लिकसचं वाक्य आठवा. पाणी मोकळं करतं.

पुढची गोष्ट अशी. लिली १९६० च्या दशकात एलएसडी घेऊन टाकीत उतरू लागला, नंतर केटामीन आलं, आणि विश्वाचा कारभार पाहणाऱ्या अदृश्य अस्तित्वांशी आपला संपर्क होतो असं तो लिहू लागला. आता तीच टाकी, आणखी साठेक वर्षांनंतर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या मेंदू-संशोधन संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अतिचिंता आणि तणावाचे विकार असलेले पन्नास लोक, खाऱ्या पाण्यात एक तास तरंगणं. निष्कर्ष काय? त्यांची चिंता लक्षणीय कमी झाली, मन शांत झालं.

पाणी तेच. क्लारोसला कविता निघाली, लिलीला विश्वाचे कारभारी भेटले, टल्साच्या रुग्णांना शांत वाटलं. पाण्याने तिघांकडूनही एकच गोष्ट काढून घेतली, रोजच्या 'मी'चे टेकू. वजन, डोळ्यांसमोरचं जग, वेळेचा हिशेब. ती जागा रिकामी झाल्यावर त्यात काय भरलं, ते आधीची तयारी आणि नंतरचं नाव यांनी ठरवलं.

मिडशिपमन ब्यूफर्ट

इतकं छान जमलं की आम्हाला स्वतःलाच शंका येते. म्हणून या मांडणीला न बसणारा एक साक्षीदार मुद्दाम बोलावतो.

वाऱ्याचा जोर मोजायची ब्यूफर्ट श्रेणी तुम्ही ऐकली असेल. हवामान खात्यात आजही वापरतात. तो फ्रान्सिस ब्यूफर्ट तरुणपणी, १७९० च्या आसपास, पोर्ट्समथ बंदरात होडी बांधताना पाण्यात पडला. पोहता येत नव्हतं. बुडाला आणि वाचवला गेला. पुष्कळ वर्षांनी त्याने वुलस्टन या शास्त्रज्ञ मित्राला त्याबद्दल पत्र लिहिलं, ते १८४७ मध्ये छापून आलं.

तो सांगतो, की धडपड थांबली, आणि एकदम शांत वाटलं. भीती नाही, वेदना नाही. विचार मात्र विलक्षण वेगाने धावू लागले. आताच्या अपघातापासून सुरू होऊन उलट्या क्रमानं, मागे मागे, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, बारीकसारीक तपशिलांसह. आणि प्रत्येक प्रसंगाबरोबर ते बरोबर होतं की चूक याची जाणीव. हे सगळं दोन मिनिटांच्या आत.

आता मौज ऐका. ब्यूफर्ट धार्मिक वळणात वाढलेला. परलोकाची आशा आणि भीती दोन्ही मनात पक्की होती. तो स्वतःच नवल करतो, की मरणाच्या दारात असताना पुढचा एकही विचार आला नाही. ना देव, ना स्वर्ग. सगळं मागचंच.

म्हणजे तयारी एका गोष्टीची होती आणि आलं दुसरंच. तेव्हा आपली मांडणी थोडी नमती घेऊ. शरीर आणि मेंदू यांचंही आपलं म्हणणं असतं, आणि ते दर वेळी संस्कृतीचं ऐकतातच असं नाही. खारींनीही तेच सांगितलं होतं. म्हणूनच साक्षीदाराचं शब्दशः ऐकणं महत्त्वाचं. त्याच्या वतीनं आधीच उत्तर भरून टाकलं, की हे सगळं हातचं जातं.

किंमत कोण देतं?

आता प्लिनीकडे परत येऊ. पाणी पिणाऱ्याचं आयुष्य कमी होतं. कौल घेणारा राजपुत्र येतो नि जातो, देवस्थानाला मान मिळतो, आणि तळघरात उतरणाऱ्याचं नावसुद्धा टॅसिटस देत नाही. या विषयात किंमत मोजणारा बहुतेक वेळा असाच बिननावाचा असतो.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. उन्हाळ्यात मुलं विहिरीत पैज लावतात, बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो. काही जण आधी जोरजोरात श्वास घेतात, म्हणजे दम टिकेल. इथे घात होतो. श्वास घ्यायची तगमग होते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. भराभर श्वास घेतला की तो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तगमगीची घंटा वाजतच नाही, आणि पाण्याखाली पोरगं कसलीही धडपड न करता बेशुद्ध होतं. काठावरच्यांना दिसतं काय? चांगला पोहणारा, शांतपणे खाली गेला. कोणीतरी ओढल्यासारखा. जुन्या, बंद विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसांचंही तसंच. आत साचलेल्या वायूनं एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. विहीर बळी घेते, असं गाव म्हणतं.

दुसरं उदाहरण कर्नाटकातलं. डोक्यावर गरम पाण्याचे तांबे भराभर ओतून अंघोळ करताना काही लोकांना झटका येतो. काहींची शुद्ध हरपते, काहींना स्वप्नात असल्यासारखं वाटतं, भीती वाटते, काहीबाही दिसतं किंवा ऐकू येतं. काहींना तर ते सुखाचं वाटतं आणि ते पाणी ओततच राहतात. याला गरम पाण्याची अपस्मार म्हणतात. दक्षिण कर्नाटकात ती विशेष आढळते, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. उपाय किती साधा बघा : पाणी कोमट घ्या, डोक्यावर धार धरू नका, आणि लागलंच तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. हे माहीत नसेल तर न्हाणीघरात घुमणाऱ्या बाईला काय म्हणतील, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग तिच्यावर उपचार काय होतील? महाराष्ट्रात २०१३ मध्ये अघोरी प्रथांविरुद्धचा जो कायदा झाला, त्याच्या अनुसूचीची सुरुवातच भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळापासून होते. बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. आणि त्याच यादीत आहे, पादत्राणं भिजवलेलं पाणी प्यायला लावणं. कायद्यात हे लिहावं लागलं, कारण हे होत होतं. ज्या पाण्याच्या काठी बाईला बाधा झाली म्हणायचं, तेच पाणी तिच्या अपमानासाठी वापरायचं.

तरी एक गोष्ट आसरांच्या बाजूनंही सांगितली पाहिजे. मूल गेलेल्या, सासरी कोणाला काही सांगता न येणाऱ्या बाईला "आसरा लागल्या" या दोन शब्दांनी एक जागा दिली. तिचं दुःख तिचा दोष ठरलं नाही, सात बाहेरच्या बायांवर गेलं. चार बायका तिच्याबरोबर विहिरीवर गेल्या, ओटी भरली, तिच्या बाजूनं बोलल्या. नुसतं "थोतांड आहे" म्हणून आपण निघून आलो, तर ती जागा काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. दवाखान्याचा रस्ता दाखवायचा असेल तर त्या चार बायकांनाही बरोबर घेऊन जावं लागेल. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. नाव बदलायचं तर कोणीतरी शेजारी बसावं लागतं, असं आज पाहिलेला सगळा इतिहास सांगतो.

म्हणून शेवटी लेबादेयाच्या त्या खुर्चीकडे पुन्हा एकदा बघू. तिथे पुजाऱ्यांनी आपला स्वार्थ साधला असेल, नक्कीच साधला असेल. पण त्या रिवाजात दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. खालून आलेल्या माणसाला आधी बसवत आणि विचारत, तुला काय दिसलं? आणि मग त्याला एकटं न सोडता त्याच्या माणसांच्या हाती देत. त्याला हसू फुटेपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ असे.

त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं आमचं उत्तर एवढंच आहे. पाण्यात काही भरलेलं नसतं. ते माणसाला हलकं करतं, अंधारात नेतं, श्वासाशी आणि वेळेशी असलेली त्याची गाठ सैल करतं. तेवढ्यात काय दिसेल ते थोडं शरीर ठरवतं आणि पुष्कळसं आपण सगळे मिळून ठरवतो. आणि काठावर परत आल्यावर त्याचं काय होईल, ते तर पूर्णपणे काठावरच्यांच्या हातात असतं.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ. आणि कोणाच्या गावी आसरांचं ठाणं असेल, तिथे काय सांगतात ते माहीत असेल, तर जरूर लिहून पाठवा. विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून पाठवा. त्यांनी जे पाहिलं, ते त्यांच्याच शब्दांत.